उत्तरेच्या भिंतीतल्या अकरा विटा

भूत, भानामती, नजर, अंगात येणं यातलं काहीही आमच्या घरात कधी चाललं नाही. आम्ही नुसतं मानत नव्हतो असं नाही, मानायचं नाही हा घरचा नियमच होता. बाबा भंडारा जिल्ह्यातून दिल्लीत सरकारी नोकरीला आले आणि आम्ही दोघं भावंडं लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. कॉलनीत कुणाच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली दिसली की बाबा आम्हाला थांबवून विचारायचे, "याचा उपयोग काय?" आणि आम्ही एका सुरात ओरडायचं, "भाजीत!"

म्हणून हे लिहायला मी जवळजवळ वर्ष घेतलं. माझा धाकटा भाऊ प्रशांत म्हणाला, "ताई, नको लिहू, बाबांना आवडलं नसतं." मी म्हटलं, बाबांना पुराव्याशिवाय लिहिलेलं आवडलं नसतं. माझ्याकडे आकडे आहेत, तारीख-वार लिहिलेले. फक्त अर्थ नाही.

तर आधी माहिती. मी सुजाता, वय त्रेपन्न, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरी, द्वारकेत राहते. बाबांनी निवृत्तीच्या आधी फरीदाबादच्या एका जुन्या सेक्टरमध्ये घर बांधलं. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, स्टोअर, वर गच्ची. बाहेरून प्लास्टर नाही, सगळी उघडी वीट. त्या काळी त्याची फॅशन होती. शिवाय बाबांचं म्हणणं, "वीट लपवायची कशाला? पक्की भाजलेली आहे." बाबा जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर आई तिथं एकटी राहायची.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये आई बाथरूममध्ये पडली. हाड मोडलं नाही, पण ती चाळीस मिनिटं जमिनीवर होती... कामवाली आली तेव्हा कळलं. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. मी त्याच दिवशी ठरवलं की थंडी संपायच्या आत आई माझ्याकडे द्वारकेला आणि घर भाड्याने. प्रशांत बंगळुरूहून "बिल्कुल, ताई" म्हणाला. आईने त्याला विचारलं, तिकडं पाऊस आहे का. आमची आई नकार देत नाही, ती विषय बदलते.

भाडेकरूही मिळाले, दोघंही नोकरी करणारं जोडपं. त्यांना घर आवडलं, पण बाहेरून "बहुत डार्क है" म्हणाले. त्यांची चूक नव्हती. तीस वर्षांत विटा काळवंडल्या होत्या, खालच्या चार-पाच थरांवर लोणा येऊन पांढरी पूड सुटत होती, खिडक्यांच्या जाळ्या गंजल्या होत्या. मी रजिस्टर उघडलं आणि यादी केली. समोरची पूर्वेची भिंत चुन्याचा ऑफ-व्हाइट हात देऊन, पण पातळ, म्हणजे विटेचा पोत दिसत राहील. पोर्चचे दोन खांब मूळ लालच ठेवायचे, फक्त पारदर्शक सीलर, चकाकी नसलेला. मुख्य दार बॉटल ग्रीन. जाळ्या काळ्याच्या ऐवजी कोळशासारख्या राखाडी, मॅट. उत्तरेची भिंत पूर्ण, उबदार राखाडी रंगात. एकूण तेवीस मुद्दे.

रंगाचं काम नसीमभाईंना दिलं. मूळचे बरेलीचे, पंचवीस वर्षं इकडे. माझ्या हातातलं ऑइल पेंटचं कार्ड त्यांनी न बघताच परत केलं. "मैडम, ईंट साँस लेती है. इस पर तेल वाला पेंट चढ़ाया तो दो बरसात में पपड़ी." म्हणून सगळीकडे चुन्यावर आधारलेला, वाफ बाहेर सोडणारा रंग ठरला. माणूस मला पटला.

उत्तरेची भिंत नीट समजावून सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. आमचं घर आणि शेजारच्यांची कुंपणाची भिंत यांच्यामध्ये चार फुटांची बोळ आहे. उंच भिंती आणि वर शेजाऱ्यांचा सज्जा, त्यामुळे तिथं ऊन येत नाही. मे महिन्यातसुद्धा नाही. त्या बोळीत फक्त पावसाच्या पाण्याचा पाइप आणि जुन्या कुंड्या. भिंतीच्या आतल्या बाजूला स्टोअरची खोली, तिथं रजया आणि लोखंडी पेटी.

पहिल्याच आठवड्यात आईने नसीमभाईंच्या दोन कारागिरांना परस्पर सांगून टाकलं की बोळीतली भिंत सोडा. मी संध्याकाळी ऑफिसातून थेट फरीदाबादला गेले तर त्यांचा अर्धा दिवस वाया गेलेला.

"आई, तू त्यांना का सांगितलंस?"

"कोण पाहते तिकडं? कायले रंग वाया घालवते तू?"

चाळीसहून जास्त वर्षं दिल्लीत काढूनही आईची बोली भंडाऱ्याचीच आहे.

"ओल आहे त्या भिंतीला. भाडेकरूंच्या कपाटाला बुरशी लागेल."

"तीस वर्षांत माह्या रजईले तं नाही लागली."

मी वाद घातला नाही. कारागिरांना बोलावून सांगितलं की काम फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या यादीप्रमाणे करायचं. तोंडी कुणी काही सांगितलं तरी ऐकायचं नाही. "माताजी बोलें तो भी?" एकाने विचारलं. मी म्हटलं, "किसी की नहीं सुननी है." ऑफिसात हीच पद्धत आहे आणि ती चांगली पद्धत आहे. तोंडी आदेशांमुळे किती घोळ होतात ते मी तीस वर्षं बघतेय.

दोन दिवसांनी नसीमभाईंचा दुपारी फोन. "मैडम, स्टोर की दीवार में गीज़र-वीज़र दबा है क्या?"

"नाही. का?"

"आप आ के देख लो."

शनिवारी गेले. भिंत तारेच्या ब्रशने घासून, पाण्याने धुऊन ठेवली होती. नोव्हेंबरची सुरुवात, बोळीत गारठा, सगळी भिंत गडद ओली... आणि मधोमध, माझ्या कमरेच्या थोडं वर, एक तुकडा कोरडा. नसीमभाईंनी माझ्यासमोर त्यावर मगभर पाणी मारलं. बाकीची वीट तशीच राहिली, हा तुकडा सहा-सात मिनिटांत फिकट झाला. मी हात लावला. गरम. भाजण्याइतकं नाही, नुकतंच कुणीतरी उठून गेलेल्या खुर्चीसारखं.

अकरा विटा. तीन, तीन, तीन आणि खाली दोन. कडा इतकी स्पष्ट की शेजारच्या विटेवर बोट ठेवलं तर ती बर्फासारखी गार.

मी घाबरले नाही, खरंच. मला वाटलं वायर. बाबांनी बांधकामाच्या वेळी वायरिंगचा आणि पाइपांचा नकाशा स्वतः काढून ठेवला होता. त्यात त्या भिंतीत काहीच नाही. तरी इलेक्ट्रिशियन बोलावला, मेन स्विच सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद ठेवला. प्लंबर आला, गरम पाण्याची लाइन घराच्या दुसऱ्या टोकाला निघाली. शेजारचे रिटायर्ड काका भले आहेत, त्यांनी त्यांच्या बाजूचं सगळं उघडून दाखवलं. आत स्टोअरमधून पेटी सरकवून बघितलं, आतून भिंत गार.

कोविडच्या वेळी घेतलेली कपाळावर धरायची थर्मामीटर गन घरात होती. तिला वस्तूचं तापमान मोजायचाही मोड असतो, बऱ्याच जणांना माहीत नाही. सकाळी सातला, दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला, दर शनिवार-रविवारी मी नोंदी केल्या. बाकीची भिंत चौदा ते एकवीस, हवेप्रमाणे वरखाली. त्या अकरा विटा ३३.६ ते ३३.९. मेन स्विच बंद होता त्या दिवशीही.

नसीमभाईंनी ब्रश धुऊन ठेवला. "इतना हिस्सा मैं नहीं रंगूँगा, मैडम."

"का? भीती वाटते?"

"डर की बात नहीं. किसी के काम का होगा."

पुढं दरवर्षीसारखं झालं. हवा बिघडली, प्रदूषणाचे निर्बंध लागले, सगळीकडची बांधकामं आणि रंगकाम बंद. समोरची भिंत अर्धी पांढरी, अर्धी लाल अशी उभी. मी दोन दिवस रजा टाकून आईकडे राहायला गेले, सामानाची छाटणी करायची होती.

पहिल्या सकाळी साडेसहाला उठले तर आई अंथरुणात नाही. तिची बुद्धवंदना म्हणून झाली होती, मूर्तीपुढची मेणबत्ती जळत होती. बाथरूममध्ये नाही. मागचं दार उघडं दिसलं म्हणून बोळीत गेले.

आई बोळीत उभी होती. शाल, कानटोपी, मोजे. दोन्ही तळवे त्या विटांवर टेकलेले. तिच्यासाठी ते बरोबर छातीच्या उंचीवर येतं, ती माझ्यापेक्षा बरीच बुटकी आहे.

"आई?"

तिने हात काढले नाहीत. "चहा ठेवला का तू?"

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"हे. गरम आहे ते."

"हाव." जसं काही मी विचारलं होतं की गच्चीला जिना आहे हे तुला माहीत आहे का.

"कधीपासून?"

"राहाले आलो तेव्हापासून. पयल्या थंडीत कुंडी ठेवाले आली होती इथं, हात लागला."

म्हणजे बाबा असताना. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे लगेच म्हणतात, "अच्छा, बाबा!" नाही. बाबा तेव्हा आत बसून पेपर वाचायचे.

"बाबांना सांगितलं नाहीस?"

आई हसली. "त्याहिले? त्याहिनं भिंत फोडून पाह्यली असती. नाहीतं मले म्हटलं असतं, लेखी दे." मग थोड्या वेळाने, "आपल्यात असलं काही नसते नं. मंग काय सांगू?"

तिचे हात मी त्या दिवशी नीट पाहिले. संधिवाताने बोटांचे सांधे सुपारीएवढे झालेत. सकाळी मेणबत्तीसाठी काडीसुद्धा तिला चार-पाचदा ओढावी लागते. दहा मिनिटं ती तिथं उभी राहिली, मग बोटं एक-एक करून उघडली, मिटली आणि म्हणाली, "चाल, झालं." आत येऊन तिने स्वतः कणीक मळली.

"तीस वर्षं रोज?"

"थंडीत रोज. उन्हाळ्यात कायले?"

"तुला काय वाटतं, काय आहे ते?"

"मले काय वाटाचं आहे? गरम आहे."

मी म्हटलं, माझ्याकडे हीटर आहे, ब्लोअर आहे. ती म्हणाली त्यानं डोळे जळतात. आणि मग पहिल्यांदाच तिने विषय न बदलता सांगितलं, "सुजा, मी येतो तुह्याकडं. पण मार्चमध्ये येतो. थंडी इथं काढू दे. आन् तेवढा रंग नको लावू."

मार्च म्हणजे अजून चार महिने, तेही एकटीने, त्याच बाथरूममध्ये. मला ते मान्य नव्हतं आणि मी तसं सांगितलं. पण रंगाचं मान्य केलं. तांत्रिकदृष्ट्याही तेच बरोबर होतं, एका भिंतीवर दोन तापमानं असतील तर रंग तिथं तडकणारच. त्या संध्याकाळी प्रशांतला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. त्याने आकडे पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाला, "अकरा विटा सोड ना यार ताई. फ्रेमसारखं दिसेल, डिझाइन समजतील." रजिस्टरमध्ये मुद्दा सतरा बदलला. 'उत्तरेची भिंत पूर्ण' खोडून 'अकरा विटा सोडून, त्यांवर सीलरसुद्धा नाही' असं लिहिलं. खडूने चौकट आखली. आईला वाचून दाखवलं. तिने मान हलवली.

नोंद रजिस्टरमध्ये झाली. कारागिरांकडे व्हॉट्सअ‍ॅपवर यादीचा जो फोटो होता, तो या दुरुस्तीच्या आधीचा होता.

हे माझ्या लक्षात आलं नाही. ज्या बाईने आयुष्यभर लोकांना विचारलं की फायलीत लेटेस्ट प्रत लावली का, तिच्या लक्षात आलं नाही.

निर्बंध उठले तो मंगळवार होता. नसीमभाई पुतणीच्या लग्नाला बरेलीला गेले होते, काम ते दोन कारागीर करत होते. काम सुरू केल्याचा त्यांचा मेसेज एका बैठकीमुळे मला बघता आला नाही. संध्याकाळी पोचले तेव्हा घर सुंदर दिसत होतं, हेही प्रामाणिकपणे सांगते. चुन्याचा पांढरा हात विटांवर मऊ बसला होता, हिरवं दार उठून दिसत होतं. बोळीत गेले. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी राखाडी. दोन हात पूर्ण. खडूची चौकट ओल्या फडक्याने पुसून टाकलेली.

"हे का रंगवलं?" तिथंच उभ्या असलेल्या कारागिराला मी विचारलं.

"लिस्ट में पूरी दीवार है, मैडम." त्याने फोन काढून दाखवला. होतं.

"आई काही म्हणाली नाही?"

"माताजी ने मना किया था. खड़ी थीं यहीं." तो ओशाळला. "पर आपने कहा था, किसी की नहीं सुननी."

"किती वेळा म्हणाली?"

"एक बार."

मी हात लावला. मग गन आणली. बाकीची भिंत १५.८. त्या जागी १५.८.

आई स्वयंपाकघरात होती. मी तिला सगळं सांगितलं, जुना फोटो, माझी चूक. ती मेथी निवडत होती. "होते," म्हणाली. "रंग चांगला आहे. हलका आहे."

दुसऱ्या दिवसापासून रजा टाकून तिथंच राहिले. नसीमभाई लग्न सोडून फोनवर सूचना देत राहिले. कोणता ब्रश, किती पाणी, विटेची कातडी कशी सोलायची नाही. आम्ही तिघांनी मिळून रंग काढला. चुन्याचा असल्यामुळे, आणि ताजा असल्यामुळे, जवळजवळ पूर्ण निघाला. खाली तीच लाल वीट, विटांमधले तेच सांधे. आठवडाभर रोज तीनदा मोजलं. भिंत १४.२, विटा १४.२. भिंत १६, विटा १६. आता त्या अकरा नेमक्या कुठल्या, हे खडूच्या जुन्या मोजमापाशिवाय ओळखता येत नव्हतं.

त्या आठवड्यात आई रोज सकाळी बोळीत गेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. हात टेकायची, थांबायची, परत यायची. आठव्या दिवशी गेली नाही. नाश्त्याच्या वेळी स्टोअरमधून काहीतरी घसरल्याचा आवाज आला. जाऊन बघितलं तर आई एकटीने ती लोखंडी पेटी ओढत दारापर्यंत घेऊन आली होती.

"कधी निघाचं?" तिने विचारलं.

मला हवं होतं ते सगळं झालं. भाडेकरू ठरल्या तारखेला आले, बाहेरून घर बघून खूश झाले. आई द्वारकेला माझ्या शेजारच्या खोलीत आहे, बाथरूममध्ये दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवलेत, रबरी मॅट आहे. ती पुन्हा पडलेली नाही. यादीतले तेवीसही मुद्दे झाले.

खुलासा मात्र मिळालेला नाही. एका निवृत्त सिव्हिल इंजिनिअरना सगळे आकडे दाखवले. ते म्हणाले गन बिघडली असेल. मी म्हटलं, मग हात? त्यांनी रासायनिक उष्णता, जमिनीतली कुजणारी पाइपलाइन असं काय काय सुचवलं. प्रत्येक शक्यता तपासली, एकही बसली नाही. रंगाचे दोन पातळ हात एखादी गोष्ट बंद कशी करू शकतात आणि ते काढल्यावर ती परत का येत नाही, असं विचारल्यावर त्यांनी रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं. नसीमभाईंना विचारलं तर म्हणाले, "मैडम, आप पढ़ी-लिखी हो, आप बताओ." मला नाही सांगता येत. मी आजही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. ३३.६ ते ३३.९ वर मात्र ठेवावा लागतो, ते माझ्याच अक्षरात आहे.

जानेवारीत एकदा मी आईला सरळ विचारलं. "ती भिंत गार झाली नसती, तर आली असतीस?"

"मार्चमध्ये म्हटलं होतं नं."

"खरंच आली असतीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही."

आता थंडीत मी रोज सकाळी सहाला तिला गरम पाण्याची पिशवी भरून देते. ती दोन्ही हातांत धरून पलंगावर बसते, पाय खाली सोडून. परवा विचारलं, बरं वाटतं का.

"चांगली आहे," ती म्हणाली. मग बोटं उघडून पुन्हा मिटायचा प्रयत्न करत, तक्रार नाही, नुसती माहिती दिल्यासारखं, "पण हे थंड होते."